जाधव सिस्टरांचा थुनेर

"तुमचा एसी रडतोय. ते पाणी मला हवंय."

मुलुंडच्या या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. निम्मी खोकी अजून उघडायची होती. दार उघडलं तर समोर साठीच्या पुढची एक उंच, सडसडीत बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि हातात पाच लिटरची रिकामी बाटली. नमस्कार ना चमत्कार. मी काही म्हणायच्या आत त्या माझ्या बेडरूममधून गॅलरीत पोचल्याही. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली त्यांनी बाटली धरली, सुतळीने गजाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"भरली की मी घेऊन जाईन. तुम्ही फक्त हात लावू नका," असं सांगून त्या निघून गेल्या.

शकुंतला जाधव हे त्यांचं नाव मला पुढे पत्रपेटीवर वाचून कळलं. सोसायटीत त्यांना सगळे 'जाधव सिस्टर' म्हणत. एका सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि माझ्या बरोबर खाली, तळमजल्यावर एकट्या राहत होत्या. मूलबाळ नव्हतं. नवरा मी यायच्या काही महिने आधी गेला होता. त्यांच्या मागच्या दाराशी, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, दोन खाटा मावतील इतकी माती होती. तिथे एक मोगरा होता, कढीपत्ता होता, आणि उत्तरेकडच्या सावलीत, विटांवर ठेवलेल्या एका मोठ्या कुंडीत ते झाड होतं ज्याच्यासाठी साऱ्या इमारतीचे एसी रडत होते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. गुडघ्याएवढंही उंच नाही. गडद हिरवी, चपटी, बारीक पानं, फांद्या आडव्या पसरलेल्या. फूल नाही, वास नाही. सोसायटीतली मंडळी त्याला ख्रिसमस ट्री म्हणत आणि सिस्टर प्रत्येक वेळी थांबून दुरुस्ती करत. "ख्रिसमस ट्री नाही. थुनेर." इंग्रजीत त्याला 'यू' म्हणतात, थुनेर हे डोंगरातलं नाव. हिमालयात त्याची मोठी झाडं असतात. हा त्याच कुळातला बुटका, नर्सरीत वाढवलेला. थंडीत राहणारा जीव. मुंबईच्या उकाड्यात त्याने एक उन्हाळा काढला तरी खूप, असं कोणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं. सिस्टरांनी त्याला चार उन्हाळे काढायला लावले.

त्याचं असं झालं होतं. जाधवकाका इथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करायचे. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सलाइनमधून जे औषध त्यांना चढवलं, ते मूळ या झाडाच्या सालीतून सापडलं, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले. काकांच्या डोक्यात तेच बसलं. जरा बरं वाटायला लागल्यावर म्हणाले, ज्याची साल काढून मला जगवलं त्याला एकदा बघून येऊ. मग ही दोघं उत्तराखंडात गेली, जंगलात जाऊन झाड पाहिलं, आणि येताना एका नर्सरीवाल्याकडून हा बुटका, डब्यात लावलेला, ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आली. काकांनी तो वर्षभर सांभाळला. "याच्या पणजोबाने मला पाणी पाजलं, आता मी याला पाजतो," असं म्हणायचे. मग आजार परत उलटला आणि काका गेले. झाड राहिलं.

हे सगळं सिस्टरांनी मला एका दमात कधीच सांगितलं नाही. बाटली न्यायला आल्या की दारात उभं राहून एखादं वाक्य सांगायच्या, बाटली काखोटीला मारायच्या आणि जायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. मी घरी बसून मुद्रितं तपासते. नवरा नोकरीपायी बाहेरगावी, मुलगी शिकायला पुण्यात. दिवसभर कोणाशी बोलणं नसायचं. त्यामुळे मी त्या बाटलीची वाट बघायला लागले, हे कबूल केलेलं बरं.

एसीचंच पाणी का, तर आमची सोसायटी पूर्वेला, खाडीच्या अंगाला. पलीकडे मिठागरं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. नळाला पाणी सकाळी दोन तास, तेही माणसांना पुरायचं नाही. आणि थुनेराला खारं चालत नाही. म्हणून सिस्टर सकाळी साडेसहाला पिशवीत बाटल्या घेऊन चार मजले चढायच्या. कोणाच्या घरी पाहुणे आहेत, कोणाचा एसी बिघडलाय, कोण रात्री विनाकारण अठरावर लावून झोपतो, सगळं त्यांना पाण्यावरून कळायचं. कुंडीतली वाळूसुद्धा त्यांनी सात पाण्यांनी धुतलेली होती. धुऊन झाल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली होती, असं त्या अभिमानाने सांगायच्या.

कुंडीही साधी नव्हती. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मातीची कुंडी, मधल्या फटीत वाळू. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता त्या वाळूवर फ्रीजमधल्या बर्फाचा एक ट्रे रिकामा करायचा, म्हणजे आतली मुळं गार राहतात. पावसाळ्यात काकांची काळी छत्री त्याच्यावर बांधायची, कारण मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो. वरच्या भिंतीवर खिळ्याला एक जुना परीक्षेचा पॅड लटकवलेला होता. त्यावर रोज तारीख, सकाळचं तापमान, किती पाणी, पानांचा रंग. मी एकदा विचारलं, "हे काय हो सिस्टर?"

"केसपेपर," त्या म्हणाल्या. "पेशंटला केसपेपर नको?"

हात लावायच्या आधी आणि नंतर त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. वाळलेली टोकं इस्पितळातल्या जुन्या कात्रीने छाटायच्या. आणि थंडी पडली की त्यांची खरी गंमत. मुंबईची थंडी म्हणजे जानेवारीतले आठ दिवस. त्या आठ दिवसांत त्या पहाटेच अंगाभोवती शाल गुंडाळून कुंडी सावलीतून उघड्यावर सरकवायच्या आणि त्याच्याशेजारी स्टुलावर बसायच्या. "घे बाबा, तुझं गाव आलं," असं त्याला म्हणताना मी वरून ऐकलंय. बाकी वर्षभर त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नसतील.

माणसांशीही त्यांचं बोलणं मोजूनमापूनच. "कशी आहेस?" असं त्यांनी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. विचारून काय कळणार, असं त्यांचं मत. एकदा मी तापाने फणफणले होते. त्या आल्या, पांघरूण बाजूला करून माझ्या पायाचा अंगठा धरला. "पाय गार आहेत. ताप अजून चढणार. पांघरूण घे," म्हणाल्या आणि मीठ-साखरेचं पाणी करून ठेवून गेल्या. अर्ध्या तासात ताप चढला. "चेहऱ्याकडे बघून काही कळत नाही गं," त्या नंतर म्हणाल्या. "चेहरा शेवटपर्यंत ठीक दिसतो. हात लावून बघायचं."

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी थुनेराचा विषय काढला. "मॅडम, मी नेटवर बघितलं. जहरी झाड आहे ते. बच्चे लोक खेळतात तिथे. हटवायला लागेल."

सिस्टर उठल्यासुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "गेटच्या दोन्ही बाजूंना कण्हेर लावलीय तुम्ही. ती काय पेढे देते? आधी ती काढा, मग माझं झाड काढते."

कण्हेर विषारी असते हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर सिस्टर थुनेराभोवती कमरेएवढी जाळी ठोकत होत्या आणि जाळीला पाटी होती, 'विषारी. हात लावू नये.' मी वरून हसले. त्यांनी मान वर केली. "त्यांचं बरोबरच होतं. पण मीटिंगमध्ये कशाला सांगायचं?"

त्या विषावरून आणखी एक आठवण आहे. कुठून तरी ऐकून शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले. बायकोला कॅन्सर, औषध मानवत नव्हतं. म्हणाले, मूठभर पानं द्या, काढा करून देतो. सिस्टर त्यांच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मी गॅलरीत धावले. "काढा पाजून मारायचंय का तिला? औषध कारखान्यात तयार होतं, पातेल्यात नाही!" गृहस्थ तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. मग सिस्टर आत गेल्या, चहा करून आणला, तासभर त्यांच्याशेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून त्यांच्याबरोबर इस्पितळात गेल्या, आणि पुढे महिनाभर दर बुधवारी जात होत्या. ती बाई वाचली नाही. बुधवारचं जाणं थांबलं तेव्हाच मला ते कळलं.

काकांच्या मरणाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यात एक शब्द येतो, तो आधी सांगते. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक बेडपाशी नेऊन सांगते, याला काय दिलं, काय द्यायचं राहिलंय, कशावर नजर ठेवायची. याला त्यांच्यात 'ओव्हर देणं' म्हणतात. एकदा ओव्हर दिला की पेशंट दुसरीचा.

काकांना त्यांच्याच इस्पितळात ठेवलं होतं. सिस्टर तीन दिवस त्यांच्या उशाशी होत्या. चौथ्या दिवशी सकाळी एका नव्या नर्सला ओव्हर देऊन त्या आंघोळीला घरी गेल्या. त्या नर्सला मधेच दुसऱ्या बेडवरून हाक आली, ती तिकडे गेली, आणि तेवढ्यात काका गेले. कोणी जवळ नव्हतं. सिस्टर परत आल्या तेव्हा ती नर्स त्यांच्या पायाशी बसून रडत होती.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? ऊठ म्हणाले, तोंड धू, तुझे बाकीचे अकरा पेशंट वाट बघतायत." त्या बाटलीचं बूच फिरवत होत्या. "जिने ओव्हर घेतला तिला बोल लावायचा नसतो, वृंदा. एकदा लावला ना, की ती पुढच्या वेळी कोणाचा ओव्हर घेताना घाबरेल. मग वॉर्ड कसा चालायचा?"

मला वाटलं, केवढी ही बाई. आज वाटतं, ती गोष्ट मी नीट ऐकायला हवी होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या अकोल्याच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. सिस्टरांना बारा दिवस जायला लागणार होतं. काका गेल्यापासून त्यांनी थुनेराला एक रात्रही सोडलं नव्हतं. बुद्धपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पौर्णिमेला त्यांनी दिलेल्या खिरीची वाटी परत करायला मी खाली गेले, तर म्हणाल्या, "तू घेशील का ओव्हर?"

मी लगेच हो म्हटलं. एका झाडाला पाणी घालायचं, त्यात काय मोठं? त्यांनी मला कुंडीपाशी उभं केलं, स्वतः ताठ उभ्या राहिल्या आणि वॉर्डात सांगावं तसं सगळं सांगितलं. किती पाणी, कधी, कुठल्या बाटलीतलं. मग एक लिहिलेला कागद दिला. मुद्रितं तपासणारी बाई मी. दुसऱ्यांच्या पुस्तकातला एक काना माझ्या नजरेतून सुटत नाही. सिस्टरांचं शुद्धलेखन किती कच्चं आहे, याचीच मला मनातल्या मनात गंमत वाटली. शेवटची ओळ लाल पेनाने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. 'बर्फ फ्रीजचाच. वाळूवर ठेवणे. मातीत नाही.'

आठ दिवस मी सगळं शिस्तीत केलं. पॅडवर तारखा लिहिल्या. नवव्या दिवशी माझा फ्रीज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, तीन दिवस लागतील. बाहेर असा उकाडा की गॅलरीचा गज हाताला चटका देत होता. दुपारी बारा वाजता मी खाली जाऊन उभी राहिले आणि मला त्या झाडाची दया आली. शेजारी कोणाकडे बर्फ मागायचा, तर मला संकोच. तेवढ्यात गेटवर हिराबाई दिसली. ही कोळीण खाडीकडून रोज मासे घेऊन यायची आणि दुपारी उठताना टबातला उरलेला बर्फ गटारात ओतायची.

"हिराबाई, तो बर्फ मला देता?"

"ने ना गो बाय. मना कं कराचा हाय त्याचा?"

मी दोन घमेली भरून बर्फ नेला. मधल्या वाळूवर टाकला. तो संपेना. मग उरलेला आतल्या कुंडीत, मातीवर, बुंध्याभोवती नीट रचला. मला चिठ्ठीतली ओळ आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. पण वाटलं, सिस्टर फार करतात. डोंगरात बर्फ पडतो तेव्हा काय ट्रेने मोजून वाळूवर पडतो? बर्फातल्या झाडाला बर्फाचं कसलं वावडं? फोटो काढून त्यांना पाठवावा असंही मनात आलं, पण हाताला माशांचा वास येत होता. असं मी तीन दिवस केलं.

सिस्टर परत आल्या, पिशवी दारात टाकली, कोपरापर्यंत हात धुतले आणि थेट मागे गेल्या. माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उकिडव्या बसून होत्या. मग उठल्या.

"छान ठेवलंस गं. हिरवागार आहे."

मी तर फुलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरोघर जाऊन बाटल्या गोळा करत होत्या. वीसेक बाटल्या एकामागून एक त्यांनी कुंडीत ओतल्या. मी वरून विचारलं, एवढं पाणी? "बारा दिवसांची तहान आहे त्याची," त्या म्हणाल्या. मग ओल्या फडक्याने कुंडी बाहेरून पुसून काढली. प्रवासातून आलेल्या माणसाला घर आवरावंसं वाटतं, तसंच ते असेल असं मी समजले.

जुलैत एक दिवस मी गेटवर बोंबील घेत होते. हिराबाईने पिशवीतून मूठभर खडेमीठ काढलं आणि टबातल्या बर्फावर फेकलं.

"मीठ कशाला?" मी विचारलं.

"मीठ मारल्याबगर बरफ दुपारपरत टिकंल काय?" ती हसली.

बोंबील तिथेच ठेवून मी मागे धावले. थुनेर काळ्या छत्रीखाली उभा होता, हिरवागार. मी जाळीला धरून उभी राहिले आणि स्वतःला बजावलं, हिरवा आहे म्हणजे जिवंत आहे. दोन महिने होत आले, काही व्हायचं असतं तर आतापर्यंत झालं असतं. आणि मी सिस्टरांना काहीही सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातल्या लाजिरवाण्या गोष्टींत मी ही पहिली धरते. बर्फ घातला तो अडाणीपणा होता. गप्प बसले तो अडाणीपणा नव्हता.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहायला लागले. सिस्टर यायच्या, हात धुवायच्या, वाटीने पाणी मोजून घालायच्या, छत्रीची गाठ बघायच्या, पॅडवर लिहायच्या. वर पाहून मान डोलवायच्या. मीही डोलवायची.

श्रावण सरत आला आणि एका फांदीचं टोक तांबूस झालं. मग आठवड्याभरात सगळं झाड. हात न लावता पानं गळायला लागली. मी एक दिवस कळ काढली, दुसरा दिवस काढला, तिसऱ्या दिवशी खाली गेले. सिस्टर पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.

"सिस्टर, माझ्यामुळे मेला तो. मी माशांचा बर्फ घातला होता. मातीत. त्यात मीठ होतं."

त्यांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली. "मला आल्या दिवशीच कळलं."

"कसं?"

"कुंडीवर बाहेरून पांढरं फुटलं होतं. मिठाचं. पुसून टाकलं, कोणी बघेल म्हणून. आणि खोड नखाने खरवडून बघितलं. जिवंत असलं तर आत हिरवं दिसतं. आत सगळं तपकिरी होतं. तरी धुऊन बघितलं, वीस बाटल्या ओतल्या. नाही आलं." त्यांनी दुसरी पाकळी घेतली. "ही झाडं मेली तरी लगेच कळत नाही गं. महिनोन्‌महिने हिरवी राहतात."

"मग तुम्ही रोज पाणी का घालत होतात? इतके दिवस?"

"तू उभी राहायचीस ना वर. मी घातलं नसतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं."

मला रडू फुटलं. मी रडत असताना त्या लसूण सोलत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मलाही जरा वेळ हवा होता. यांना न्यायला चाळीस मिनिटांत आले होते सगळे. ह्याच्यापाशी जरा जास्त बसता आलं."

मी डोळे पुसून उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांचा चेहरा आक्रसला होता. "चिठ्ठी लिहिली होती ना गं मी. लाल पेनाने लिहिली होती."

तेवढंच. एवढाच एक शब्द त्यांच्या तोंडून गेला, आणि तो गेल्याचं त्यांनाही लागलं असावं, कारण त्या लगेच आत निघून गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी हातमोजे घालून थुनेर मुळासकट काढला, कुंपणाच्या भिंतीशी खड्डा खणून पुरला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मी गॅलरीच्या दाराआडून पाहिलं, पुढे व्हायची हिंमत झाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. गजाला बांधलेली बाटली भरून वाहायची आणि पाणी खाली सांडायचं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी बेल वाजली.

"तुझा एसी रडतोय," सिस्टर म्हणाल्या.

मी बाजूला झाले. त्यांनी भरलेली बाटली सोडली, रिकामी बांधली, गाठ दोनदा ओढली. "कोणासाठी नेताय?" मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"मोगऱ्याला."

मोगऱ्याला त्या इतकी वर्षं बोअरचं पाणी घालत आल्या होत्या. चहा टाकू का विचारलं, तर त्या चक्क बसल्या.

जानेवारी लागला आणि त्यांना जिना चढवेना. धाप लागायची, पाय सुजायचे. त्यांनी स्वतःच अंगठ्याने पाय दाबून पाहिला, खड्डा किती वेळ राहतो ते मोजलं आणि स्वतःच इस्पितळात जायची बॅग भरली. हृदय थकलंय, पाणी मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. अकोल्याहून त्यांच्या पुतण्याची बायको सुनंदा आली. ती दिवसरात्र उशाशी बसून होती. मुंबईत तेव्हा तेच आठ दिवस चालू होते, थंडीचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी सिस्टर गेल्या, आणि त्या वेळी मी तिथे नव्हते. म्हणून मला आठवते ती ही सकाळ.

सुनंदाचे डोळे जागरणाने लाल झाले होते. मी म्हटलं, जा, आंघोळ करून ये. ती जायला तयार होईना. काकूंना सोडून कशी जाऊ? सिस्टरांनी डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता.

"जा तू. वृंदाला ओव्हर दे आणि जा."

"सिस्टर, मी?"

"तू म्हणजे तूच. दुसरं कोण आहे इथे?"

सुनंदाने मला बेडपाशी उभं करून सगळं सांगितलं. पाणी चमच्याने, तासाला चारच्या वर नाही, दिलं की कागदावर लिहायचं. मी कागद वाचला. प्रत्येक ओळ वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग स्टूल ओढून बसले. तो तासभर मी कुठेही पाहिलं नाही. पलीकडच्या बेडवरची म्हातारी हाका मारत होती, मी उठले नाही. अधूनमधून पांघरुणाखाली हात घालून सिस्टरांचा अंगठा धरून बघत होते. गरम होता. त्यांनी ओठ हलवले की चमच्याने पाणी देत होते. एकदा थोडं हनुवटीवर सांडलं, ते मी पदराने पुसलं.

सुनंदा ओल्या केसांनी परत आली. मी उठून ताठ उभी राहिले आणि जसं येईल तसं सांगितलं. "झोपून आहेत. श्वास मगासारखाच. पाय गरम आहेत. पाणी दोन चमचे दिलं."

"तीन," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

मी कागद घेतला, दोन खोडले आणि तीन लिहिले.